वाशीमची जागल

वाशीम जिल्हा पाहण्यासाठी म्हणून कोणी मुद्दाम घराबाहेर पडल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. माणसे वाशीमकडे जातात ती लग्नकार्याला, बदलीचा हुकूम हातात पडला म्हणून, नाहीतर देवदर्शनाला. कारंजे हे श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान, शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ आणि मानोरा तालुक्यात बंजारा बांधवांची पोहरादेवी, एवढी पुण्याई या एका जिल्ह्याच्या गाठीशी आहे. खुद्द वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इंग्रजांनी त्याचे 'बासिम' केले, त्याला जिल्ह्याचा मान दिला आणि १९०५ साली तो काढूनही घेतला. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन हा जिल्हा पुन्हा उभा राहिला. मोडलेला संसार थाटायला त्र्याण्णव वर्षे लागली म्हणायची!

पण वाचकहो, मला सांगायचे आहे ते देवळांविषयी नाही आणि वाकाटकांविषयीही नाही. मला सांगायचे आहे ते वाशीमच्या रात्रीविषयी, आणि त्या रात्री शेतात जळणाऱ्या एका दिव्याविषयी.

माझ्या मावशीचे घर कारंजे तालुक्यातल्या एका लहानशा गावी आहे. मार्गशीर्षात चार दिवस सवड मिळाली, तेव्हा अकोल्याला उतरून मी एस.टी.ने तिथे गेलो. दिवसा हा मुलूख मोठा सोज्वळ दिसतो. सोयाबीन निघून गेलेले, हरभरा हिरवागार, तुरीच्या शेंगा भरत आलेल्या, आणि मधून मधून बोंडे फुटलेल्या पऱ्हाटीची पांढरी वावरे. जवळच कारंजा-सोहोळचे काळविटांचे अभयारण्य आहे, सुमारे १८ चौरस किलोमीटरचे. आता अभयारण्याची हद्द कागदावर असते. काळविटाला ती कोण वाचून दाखवणार? अंधार पडला की हरणे हरभऱ्यावर येतात, रोह्यांचे कळप तुरीत शिरतात, आणि सर्वांवर ताण म्हणजे रानडुकरे. रोही खाऊन जातो. डुक्कर खातो त्याच्या कितीतरी पट तुडवून, उकरून ठेवतो. वर्षाची मेहनत एका रात्रीत मातीमोल होते.

म्हणून जेवणे झाली की इकडचा शेतकरी घोंगडी खांद्यावर टाकून वावराकडे निघतो. याला म्हणतात जागल. चार खांबांवर बांधलेला माळा, पायथ्याशी शेकोटी, जवळ गोफण, वाजवायला एखादा पत्र्याचा डबा आणि उजेडाला बॅटरी. आपण पुस्तकात हिला विजेरी म्हणतो. वऱ्हाडात मात्र ती बॅटरीच.

आमच्या काकांकडे याखेरीज आणखी एक वस्तू आहे. त्यांच्या वडिलांपासून घरात असलेली ठासणीची एकनळी बंदूक. इकडे तिला भरमार म्हणतात. ही काही चोरीछुपे ठेवलेली नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्वतंत्र तरतूदच आहे. ती तोंडाकडून भरायची. आधी दारू, मग बोळा, मग छर्रे, वरून पुन्हा बोळा, आणि प्रत्येक थर लोखंडी गजाने ठासून बसवायचा. शेवटी घोड्याखाली टोपी. एवढे सारे होईपर्यंत डुक्कर शेजारच्या गावी जाऊन परत येईल! निवडणूक आली की सरकारी हुकुमाप्रमाणे ही बंदूक पोलीस ठाण्यात माहेरपणाला जाते आणि निकाल लागल्यावर सासरी येते.

एरवी तिचा उपयोग एवढाच, की नुसत्या दारूचा बार काढायचा आणि आवाजाने जनावरे हाकलायची. कारण बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला तर वरचे संरक्षण आहेच. पण पिकाचा नाश करणारे रानडुक्कर मारायचे तरी वनखात्याची लेखी परवानगी हवी. २०१५ साली राज्य सरकारने रोही आणि रानडुकरांबाबत ही परवानगी मिळण्याची वाट थोडी सोपी केली. काकांनी त्या हंगामात अर्ज करून डुकरांपुरती परवानगी मिळवली होती, आणि त्यामुळेच घरात एक नवा प्रश्न उभा राहिला होता. बंदुकीला दिवा लावायचा की नाही? लावायचा तर कसला आणि कुठे?

माझ्या मावसभावाने अकोल्याहून एक बॅटरी आणली होती. तिचा झोत म्हणे मैलभर जातो. काकांनी ती हातात घेऊन एकच प्रश्न विचारला, "मैलभर पाहून करू काय? बंदूक तं तीस-चाळीस पावलं जाते." खरेच होते ते. लांब जाणारा झोत सुईसारखा बारीक असतो. त्यात डुकराचे कान दिसतील, पण डुकराच्या मागे काय आहे ते दिसायचे नाही. माळ्यावरच्या माणसाला हवा असतो तो जवळचा, पसरट, बांधापासून बांधापर्यंत दाखवणारा उजेड. मग गावातूनच दुसरी, रुंद काचेची बॅटरी आणली गेली. जुन्या बॅटरीतल्या दिव्याची तार बंदुकीच्या धक्क्याने तुटायची. आताच्या एलईडीत तारच नसते. सेल मात्र धक्क्याने हलू नयेत म्हणून मागची स्प्रिंग चांगली ताठ पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात, बंदूक रिकामी आहे याची गज घालून खात्री करून घेतल्यावर, बांधाबांध सुरू झाली. मावशी चहा घेऊन आली ती तिथेच बसली. नळीच्या वर बॅटरी बांधावी तर टोकाची माशी झाकते. मग नेम कशावर धरायचा? खाली बांधावी तर तिथे गजाची जागा. उजव्या बाजूला घोडा आणि टोपी. बार होताना ठिणगी तिकडेच उडते. राहता राहिली डावी बाजू. पण डावीकडे तरी नेमकी कुठे? फार मागे ठेवली तर नळीचीच काळी सावली समोर पडते. अगदी टोकाला नेली तर काचेवर काजळी बसते, बंदूक पुढून जड होते आणि भरताना हाताला अडचण. शेवटी तोंडापासून वीतभर मागे जागा ठरली. नळीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, त्यावर लोहाराकडून करून आणलेल्या दोन पत्र्याच्या कड्या, आणि वर स्क्रू. बटण डाव्या हाताच्या अंगठ्याखाली. चापाच्या आसपास मुळीच नाही. अंधारात, घाईत आणि थंडीने बधिर झालेल्या बोटांनी दिव्याचे बटण म्हणून चाप ओढला गेला तर काय, याचा विचार दिवसाउजेडी केलेला बरा.

सेलांच्या बाबतीत मी जिम कॉर्बेटची हकिकत सांगितली. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यासाठी १९२६ च्या मे महिन्यात तो आंब्याच्या झाडावर बसला होता. विजेरी कित्येक महिने जवळ बाळगलेली, पण कधी पेटवून पाहिलेली नव्हती. ऐन वेळी बटण दाबले, तिने एकदाच क्षीण उजेड दिला आणि ती विझली. तेवढ्या क्षणात त्याने बार काढला. बिबट्या मेला की नाही हे कळायला मात्र त्याला उजाडेपर्यंत थांबावे लागले. काकांनी मान हलवली आणि भावाला नव्या सेलांसाठी दुकानात पिटाळले.

एवढा थाट झाल्यावर काकांनी एक नियम सांगितला, आणि माझ्या मते साऱ्या बांधाबांधीपेक्षा तोच मोलाचा. बंदुकीवरच्या दिव्याने काहीही शोधायचे नाही. शोधायला हातातली वेगळी बॅटरी. "बंदुकीवरच्या दिव्यानं पाह्यलं, म्हंजे ज्याले पाह्यलं त्याच्यावर बंदूक रोखली. मंग तो डुक्कर असो का मानूस."

त्या रात्री मी माळ्यावर काकांच्या शेजारी बसलो होतो. थंडी अशी की घोंगडीतून बोट बाहेर काढवत नव्हते. दहाच्या सुमारास तुरीत खसखस झाली. काकांनी बंदुकीला हात न लावता हातातली बॅटरी फिरवली, आणि अंधारात एकदम हिरवट दिव्यांच्या जोड्या पेटल्या. रोही! डबा वाजवताच धूम पळाले. काका म्हणाले, डोळे चमकले म्हणजे रोही, हरीण, गाय, कोल्हा, कुत्रा, काहीही असेल, डुक्कर नव्हे. डुकराचे डोळे असे चमकत नाहीत. याचे कारण शास्त्रज्ञांनी शोधले आहे. पुष्कळ जनावरांच्या डोळ्यांत पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो, उजेड त्यावरून परततो. डुकराच्या डोळ्यात तो थर नसतो.

आणि वाचकहो, माणसाच्याही डोळ्यात तो नसतो!

हे मला रात्री दीडला पुरते उमगले. बांधाच्या पलीकडे, हरभऱ्यात, काहीतरी काळे, बसके, हळूहळू पुढे सरकत होते. मातीत उकरल्याचा आवाज स्पष्ट येत होता. भावाने कानाशी कुजबुजून "डुक्कर!" म्हटले. बंदूक भरलेली होती, परवानगी खिशात होती. काकांनी हातातला झोत टाकला. डोळे चमकले नाहीत. नुसता एक काळा गोळा. बंदूक मांडीवरच आडवी ठेवून काकांनी खणखणीत हाक दिली, "कोन हाये रे तिकडं?"

गोळा उभा राहिला. डोक्यावरून घोंगडी घेतलेला शेजारचा शेतकरी, हातात फावडे. "मीच हावो, दादा! पान्याचा दांड फुटला." त्या आठवड्यात मोटारीची लाईट रात्रीची होती, म्हणून तो ओलिताला आला होता, डोक्याची बॅटरी उतरली होती, तसाच चाचपडत माती ओढत होता. काका खाली उतरले, त्याला शेकोटीशी बसवले, विडी दिली. झाल्या गोष्टीबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. भावाचे हात मात्र बराच वेळ शेकोटीवर धरलेले होते, आणि ते थंडीमुळेच कापत होते असे मला वाटत नाही.

अशी हाक न दिल्याचे परिणाम आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. २०२५ च्या आरंभी पालघर जिल्ह्यात मनोरच्या बाजूला डुकराच्या शिकारीला गेलेल्यांनी आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली. तिथे बंदूक होती, माणसे होती; नव्हता तो एक प्रश्न, "कोण आहे?"

काकांनी पुढे त्या हंगामात डुक्कर मारले नाही. बार काढले ते आवाजाचेच. आणि तेव्हाही एक गंमत पाहायला मिळाली. काळ्या दारूचा धूर इतका दाट, की बंदुकीवरचा दिवा चालू ठेवून बार काढला तर समोर पांढरी भिंतच उभी राहते आणि घटकाभर काहीच दिसत नाही. दिव्याने अंधार हटतो, धूर नव्हे. आता वावराभोवती सौर कुंपण, ज्याला इकडे झटका मशीन म्हणतात, घालायचे घाटते आहे. पिकाच्या नासाडीचा पंचनामा करून वनखाते भरपाई देते. पण भरपाईच्या कागदांमागे धावण्यापेक्षा जागल परवडली, असे म्हणणारेही गावात थोडे नाहीत.

समृद्धी महामार्ग २०२२ साली सुरू झाला, तेव्हापासून मुंबई-पुण्याची मंडळी वाशीम जिल्ह्यातून रात्री भरधाव निघून जातात. मोटारीच्या काचेबाहेर तेव्हा दूर शेतात एखादा दिवा हलताना दिसतो. उजवीकडून डावीकडे जातो, थांबतो, पुन्हा फिरतो. आपल्या घरातली तूरडाळ त्या दिव्याने राखलेली असते. तो दिवा थांबतो तेव्हा एखादे जनावर दिसलेले असते, किंवा एखादा माणूस. आणि कोण ते ओळखू येईपर्यंत, त्या दिव्यामागच्या शहाण्या माणसाचा दुसरा हात रिकामा असतो.