सासूबाईंची लुना

आमच्या घरात सध्या सासूबाईंच्या लुनावरून रोज वाद चाललाय. १९७८ ची गाडी, ५० सीसीची. कायनेटिकने १९७२ मध्ये लुना बाजारात आणली, ती इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या चाओ मोपेडवरून. पेट्रोल संपलं तर पॅडल मारत घरी यायचं, कुणाच्या मागे बसायची गरज नाही. सासूबाई पदर खोचून हिच्यावरूनच दळण आणायच्या.

लेकाने कार्ब्युरेटर साफ केला, प्लगची काजळी घासली, पेट्रोलात ऑइल मिसळलं आणि गाडी चालू केली. (टू-स्ट्रोकच ती, गॅलरीतले कपडे मला परत धुवावे लागले!) आता त्याला पॅडल काढून रुंद टायर बसवायचेत. ह्यांना मात्र काहीच बदलायचं नाही, व्हिंटेज म्हणून नोंदवायचीय. २०२१ च्या नियमाप्रमाणे त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी लागते, मूळ रूपातली लागते, आणि मग ती रोज वापरता येत नाही. म्हणजे २०२८ नंतर नुसती झाकून ठेवायची!

मला भिवंडीच्या गल्ल्यांत भाजीला जायला गाडी हवीय. टेम्पोंच्या गर्दीतून लुनाच निघते.

शेवटी सासूबाईंनाच विचारलं. म्हणाल्या, "सीट नवी शिवून घ्या, मागे पिशवीसाठी कॅरियर लावा. पॅडलला हात लावू नका." लेक गप्प. सीटचं माप उद्या द्यायचंय, मग आरसीच्या नूतनीकरणाचे कागद.