खेळ थांबवता येतो का?

पालकहो, ‘हा लढाईचा खेळ खेळू का?’ असे मूल विचारते, तेव्हा आपण बहुधा पडद्यावरील बंदुका पाहून उत्तर देतो. माझ्या मते पाहण्याची पहिली गोष्ट ती नव्हे.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा ही जिजाऊंची जन्मभूमी. लाठीकाठी, दांडपट्टा मुलांनी शिकावा, असे इथे अनेकांना वाटते. तेही लढाईचेच खेळ. परंतु तिथे वस्ताद समोर असतो, ‘थांब’ म्हणताच काठी खाली येते आणि दिवेलागणीला मूल घरी परतते. सोबत कोण, थांबवणार कोण आणि संपणार कधी, हे तीन प्रश्न मला शस्त्रापेक्षा महत्त्वाचे वाटतात.

माझ्या १२ वर्षांच्या पुतण्याने ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ खेळण्याची परवानगी मागितली, तेव्हा हीच कसोटी लावली. त्याचे मित्र चौघांचा संघ करून तो खेळतात. नकार म्हणजे मित्रांत एकटे पडणे, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. म्हणून आधी मी स्वतः काही डाव खेळलो.

शंभर जण बेटावर उतरतात. अखेरपर्यंत टिकेल तो जिंकतो. डाव अर्धा तासही चालतो आणि मध्येच उठल्यास सोबत्यांची बाजू दुबळी होते. जेवायची हाक येऊनही मूल उठत नाही, त्यात हट्टाइतकाच खेळाच्या रचनेचा वाटा असतो. माईकवर अनोळखी माणसे बोलू शकतात. बंदुकांचे रंग, पात्रांचे कपडे पैसे मोजून मिळतात. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या मोबाईलवर ओटीपी आणि दिवसाला ३ तासांची मर्यादा आहे खरी. पण शाळकरी मुलाची सारी संध्याकाळ तेवढीच असते.

अकारण भीती नको. अशा खेळांमुळे मुले हिंसक गुन्हे करतात, असे म्हणण्यास पुरेसा पुरावा नाही, असे अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट केले. ओरडणे, ढकलणे अशा आक्रमकतेशी मात्र लहानसा संबंध मान्य केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टी मागे पडणे आणि नुकसान होऊनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे. ती साधारणतः वर्षभर दिसावी लागतात.

मी पुतण्याला नकार दिला, पण कारणे सांगून. सोळाव्या वर्षी पुन्हा विचार करू, असेही ठरवले. तो दोन दिवस रुसला. आता रविवारी तेच मित्र आमच्या अंगणात क्रिकेट खेळतात.

आपल्या घरी निर्णय वेगळा असू शकेल. मात्र त्याआधी एक पूर्ण डाव स्वतः खेळा. मूल आधीच खेळत असेल, तर डाव रंगात असताना एकदा हाक मारून पाहा. ते उठू शकते का, आणि उठल्यावर किती वेळात शांत होते, यावरून बरेच कळेल.