उस्तादांची उधारी

पदवीच्या कागदावर ज्यांच्या सह्या असतात, त्यांचं ऋण कागदच सांगतो. माझ्यावरचं एक ऋण मात्र कुठल्याच कागदावर नाही. नागपुरात सक्करदरा चौकातून उमरेड रोडला लागलं की थोडं पुढे पत्र्याच्या टपरीत ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. ते चालवणाऱ्यांना सगळे उस्ताद म्हणत, मीही म्हणे. त्यांनी मला गाडीच्या इंडिकेटरचा जळालेला बल्ब बदलायला शिकवलं. एवढ्याशा कामाला गुरू कशाला, असं कुणालाही वाटेल. म्हणूनच जरा सविस्तर लिहिते.

नव्वदचं दशक होतं. मी साकोलीहून सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात शिकायला आले आणि सोमवारी क्वार्टरजवळ खोली घेऊन राहू लागले. वडिलांनी जुनी कायनेटिक होंडा घेऊन दिली. १९८४ साली आलेली ही गाडी बटणावर सुरू व्हायची, गिअरची भानगड नव्हती. त्या काळात लुना सोडून मोठ्या गाडीवर बसलेल्या कितीतरी मुली पहिल्यांदा हिच्यावरच बसल्या. चालवणं सोपं होतं, दुरुस्ती मात्र पुरुषांच्या राज्यात. गॅरेजवर मुलगी गेली की गाडी ठेवा, संध्याकाळी या, पैसे द्या. काय बिघडलं होतं, हे सांगायची कुणाला गरज वाटत नसे.

उस्तादांनी पहिल्याच भेटीत लाकडी स्टूल पुढे सरकवलं. मला वाटलं, बसून वाट पाहायला. त्यांनी हातात पेचकस दिला. "गाडी कोण चालवते? तूच नं? मंग पाहणार कोण?" रस्त्यावरचे चार लोक वळून बघत होते. उस्तादांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या तोंडी नागपुरी हिंदी आणि मराठी अशी काही मिसळलेली असे, की कुठली कुठे संपते ते कळू नये. त्या मिसळीतलं एक वाक्य मी पुढे आयुष्यभर वापरलं: "पहले सुन, फिर खोल."

ऐकायचं काय, तर फ्लॅशर. चावी फिरवून डावा इंडिकेटर लावायचा आणि कान द्यायचा. त्या काळच्या साध्या फ्लॅशरमध्ये दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी असे. पुढच्या-मागच्या दोन्ही बल्बांचा करंट तिच्यातून गेला की ती तापून वाकते आणि जोड सुटतो; निवली की सरळ होते, जोड पुन्हा लागतो. टकटक त्याचीच. एक बल्ब उडाला की करंट निम्म्यावर येतो, पट्टी हवी तेवढी तापत नाही आणि उरलेला बल्ब उघडझाप न करता नुसता जळत राहतो. म्हणजे उजवी बाजू नीट टकटकतेय आणि डावी मुकी आहे, एवढ्यावरून फ्लॅशर शाबूत आहे, डावीकडेच काहीतरी आहे, हे गाडीला हात न लावता कळतं. मग गाडीभोवती फिरून पुढचा पेटत नाही की मागचा, ते बघायचं. उस्ताद तोवर चहा पीत बसत.

नंतर उघडायचं. चावी बंद. लेन्सचे स्क्रू काढून ते वाटीत ठेवायचे, कारण रस्त्यावर पडलेला स्क्रू उमरेड रोडवर परत मिळत नाही. बल्ब कापडात धरून आत दाबायचा, डावीकडे फिरवायचा आणि अलगद बाहेर ओढायचा. दाबल्याशिवाय फिरवला तर काच हातात येते आणि पितळी टोपी आतच राहते. बल्ब उजेडाकडे धरून बघायचा. तार तुटलेली दिसली, काच आतून काळवंडलेली असली तर त्याचं आयुष्य संपलं. टंगस्टन वितळायला ३४०० अंशांच्या वर उष्णता लागते, पण त्याआधीच ते कणाकणानं उडत राहतं आणि काचेवर बसतं. तो काळेपणा म्हणजे जळून गेलेली तारच.

पण तार अखंड असली तर? इथे उस्तादांचा खरा तास सुरू होई. नवा बल्ब ते लगेच देत नसत. उजव्या बाजूचा चांगला बल्ब काढून डावीकडे लावायला सांगत. तोही पेटला नाही तर बल्ब बिचारा निर्दोष. मग होल्डरमध्ये डोकवायचं. पावसाळ्यात रबरी वायसर सैल पडलं की पाणी आत शिरतं, पितळेवर हिरवट थर चढतो, तळाच्या स्प्रिंगचा जोर जातो. पॉलिश पेपरचा तुकडा बोटावर गुंडाळून तो थर घासायचा, स्प्रिंग जरा वर उचलायची. तेही ठीक असेल तर अर्थची वायर. बॉडीला जिथे ती कसलेली असते तिथला गंज खरवडून पुन्हा घट्ट करायची. ते म्हणत, दहातल्या कित्येक गाड्यांना बल्ब नको असतो, घासलेला अर्थ हवा असतो. पण गिऱ्हाईक बल्बच मागतं आणि दुकानदार बल्बच विकतो.

नवा बल्ब घालायचा तोही वॅट वाचून. आमच्या दुचाक्यांना १२ व्होल्ट १० वॅटचा लागे. जास्त उजेडाच्या हौसेनं मोठा घातला तर पट्टीचं गणित बिघडतं आणि प्लास्टिक तापतं ते वेगळंच. लेन्स लावण्याआधी चालू करून बघायचं. शेवटी दोन्ही स्क्रू आळीपाळीनं, हलक्या हातानं कसायचे. एकच आवळत नेला तर लेन्सला तडा.

मोटार वाहन नियमांत इंडिकेटरनं मिनिटाला ६० ते १२० वेळा उघडझाप करावी असं आहे. ते कळलं तेव्हा मला हसू आलं, कारण कॉलेजात त्याच दिवसांत मी रुग्णांच्या मनगटावर तीन बोटं ठेवून तेवढेच ठोके मोजत होते. रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या तीन मार्गांनी करावी, हे आम्हाला पाठ होतं. परीक्षेत लिहून गुणही मिळत. पण एका मार्गानं आलेली शंका दुसऱ्या मार्गानं तपासून घ्यायची आणि सगळ्यात सोयीचा आरोपी सापडला म्हणून तिथेच थांबायचं नाही, ही सवय मला त्या स्टुलावर लागली.

तिची कसोटी इंटर्नशिपमध्ये लागली. रुग्णालयाच्या ओपीडीत एके सकाळी केसपेपर घेऊन उस्तादच रांगेत उभे. ओळख दाखवून पुढे येणं त्यांना मंजूर नव्हतं. हातात मुंग्या येतात म्हणाले. वय झालेलं, दिवसभर मान वाकवून काम. मानेचा विकार लिहून मोकळं होणं सहज शक्य होतं आणि मागे रांग कुरकुरत होती. मी पेन खाली ठेवलं. कोणती बोटं? अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन. करंगळी? नाही. कधी जास्त? रात्री, हात झटकला की बरं वाटतं. मान फिरवून घेतली, काही फरक नाही. मनगट वाकवून धरलं तर मुंग्या आल्या. आयुष्यभर पेचकस पिळणाऱ्या मनगटात नस दाबली गेली होती. आमच्या सरांनी तपासून दुजोरा दिला. उस्ताद उठताना एवढंच म्हणाले, "सुना तूने."

शिकवण्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. बल्बचे मात्र पुरते घेत. एकदा मी फारच आग्रह केला, तेव्हा त्यांनी ताजुद्दीन बाबांच्या ताजबागेच्या दिशेनं हात केला. "राजे रघुजीरावांनी १९०८ मधी बाबांना पागलखान्यातून सोडवून आनलं, सक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात ठेवलं. त्याचं बिल कोनी कोनाला लावलं?" बाबा ताजुद्दीन १९२५ साली गेले; सक्करदऱ्यात आजही राजा आणि फकीर यांची ती गोष्ट दोन्ही समाजांची माणसं सारख्याच अभिमानानं सांगतात. त्यापुढे माझी दहाची नोट काय बोलणार!

आता रस्ता रुंद झाला, उड्डाणपूल आला, टपरी गेली. उस्तादही गेले. माझ्याकडे जुनी चारचाकी आहे. तिचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बल्ब गेला की मुका होत नाही, उलट दुप्पट वेगानं टकटकतो. बल्ब २१ वॅटचा. पांढऱ्या लेन्समागचा केशरी बल्ब घेताना टोपीवरचे दोन काटे समोरासमोर नसतात, हेही पाहावं लागतं; साधा बल्ब त्या होल्डरमध्ये बसतच नाही. हे बघायची सवय त्यांचीच. नव्या गाड्यांत एलईडी आली आहे. बऱ्याच ठिकाणी एक दिवा गेला तर अख्खी पेटी बदलतात, आणि जुन्या गाडीत हौसेनं एलईडी घातली की ती इतका कमी करंट ओढते की बल्ब उडाला असं समजून फ्लॅशर सैरावैरा पळतो. उस्तादांच्या वाक्याचा उत्तरार्ध हळूहळू बाद होतोय. पूर्वार्ध होणार नाही.

माझ्या दवाखान्यात नवे वैद्य शिकायला येतात. रुग्ण बसायच्या आत त्यांचा हात रिपोर्टच्या फाइलीकडे जातो. मी फाइल माझ्याकडे ओढून घेते आणि आधी रुग्णाला बोलू देते. हे कोणत्या संहितेतलं, असं ते विचारतात. उमरेड रोडवरच्या, असं मी सांगते. त्यांना गंमत वाटते. ज्यांची गाडी जुनी आहे, त्यांना मग मी पेचकस आणि पॉलिश पेपर देऊन खाली पार्किंगमध्ये पाठवते. पहिल्यांदा सगळे बल्ब मागायलाच वर येतात. मी देत नाही.