चार केकांची वही

धर्मगुरूने केकवर लेख लिहावा, हे काहींना विचित्र वाटेल. धर्मगुरूने केक खावा, एवढेच आपल्या समाजाला मान्य आहे. आणि ते कर्तव्य आम्ही गेली पंचवीस-तीस वर्षे निष्ठेने बजावत आलो आहोत. तथापि आमच्या कपाटात प्रवचनांच्या टिपणांशेजारी एक शंभर पानी वही आहे. तीत आमच्याच हस्ताक्षरात चॉकलेट केकच्या चार कृती आहेत. त्या आम्ही हौसेने उतरवलेल्या नाहीत.

२००१ च्या आगमनकाळात आम्ही एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. तिशी नुकतीच ओलांडली होती आणि सेमिनरीत शिकलेले सारे जगाला तातडीने सांगून टाकावे, असे वाटण्याचे ते वय होते. वाढदिवस, प्रथम ख्रिस्तप्रसाद, लग्नाची पंचविशी, सर्वत्र दोन-दोन मजली चॉकलेट केकांची चढाओढ लागली होती. एका रविवारी प्रवचनात आम्ही त्यावर तुटून पडलो. आजी औषधावाचून खोकत असते आणि त्याच घरात तीन किलोंचा केक कापला जातो, असे एक वाक्यही फेकले. लोक हसले. मिस्सा संपल्यावर दोघा-तिघांनी हात हाती घेऊन अभिनंदन केले. आम्ही सुखावलो, हे लपवीत नाही.

नाताळनंतर घरभेटींना निघालो, तेव्हा गावाच्या टोकाला एका विधवा बाईंच्या घरी गेलो. ओट्यावर जुना ओव्हन होता आणि पत्र्याची भांडी धुऊन पालथी घातलेली होती. त्या केक करून विकत आणि त्यावर दोन मुले शिकत, हे आम्हांला ठाऊकच नव्हते. आमच्या प्रवचनानंतर त्यांच्या अकरा ऑर्डरी रद्द झाल्या होत्या. हे त्यांनी सांगितले नाही. सोबत आलेल्या गृहस्थांनी परतताना सांगितले. त्यांनी चहा दिला, केकचा तुकडा दिला आणि म्हणाल्या,

"फादर, तुमचं प्रवचन ऐकलं. खोटं काही बोलला नाहीत. पण तुम्ही कधी केक केलाय का?"

"नाही, बाई."

"मग गुरुवारी या. दुपारी."

आम्ही गेलो. एक नव्हे, चार गुरुवार.

पहिल्या गुरुवारी लोण्याचा केक. पाव किलो लोणी, तेवढीच साखर, तेवढाच मैदा आणि तेवढ्याच वजनाची अंडी, म्हणजे साधारण पाच. मैद्यातून चार चमचे काढून त्या जागी कोको घालायचा. ऐकायला किती सोपे! लोणी आणि साखर फेसायला बाईंनी आमच्या हाती लाकडी चमचा दिला. पिवळे लोणी पांढुरके होईपर्यंत थांबायचे नाही, ही आज्ञा. साखरेचे दाणे लोण्यात घासले जातात, तेव्हा हवेचे बारीक बुडबुडे कोंडले जातात. ओव्हनात तेच फुगतात. बेकिंग पावडर त्यांना मोठे करते, नवे निर्माण करीत नाही. अर्ध्या तासात आमचा खांदा भरून आला. "नाताळात मी असे दिवसाला चार करते," बाई म्हणाल्या आणि लगेच दुरुस्ती केली, "करायचे." त्या एका शब्दावर आम्ही खाली पातेल्याकडे पाहत राहिलो.

दुसरा केक तेलाचा. यात फेसणे नाही. कोकोवर उकळते पाणी ओतायचे, म्हणजे त्याचा सुवास खुलतो, मग तेल, साखर, अंडी आणि मैदा. मिश्रण इतके पातळ होते की काहीतरी चुकले, असेच वाटते. लोणी थंडीत घट्ट होते, तेल होत नाही. म्हणून हा केक चौथ्या दिवशीही मऊ राहतो. येथे आम्ही विद्वत्ता दाखवायला गेलो. आखाती देशातून एका भाविकाने आणलेला काळाभोर कोकोचा डबा आम्ही मोठ्या ऐटीत सोबत नेला होता. केक बसका झाला आणि चवीला साबणासारखा लागला. पुढे वाचनात उलगडा झाला. हॉलंडच्या व्हान हौटेन घराण्याने १८२८ मध्ये कोकोतील चरबी दाबून काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि पुढे कोकोवर क्षारांची प्रक्रियाही सुरू केली. त्या प्रक्रियेने रंग गडद होतो, पण कोकोचा अंगचा आंबटपणा जातो. सोड्याला फुलायला आंबट काहीतरी लागते. ते न मिळाल्यास सोडा तसाच मागे उरतो. अशा कोकोला बेकिंग पावडर हवी. बाईंना हा रसायनशास्त्राचा तपशील ठाऊक नव्हता. "हा डबा सोड्याला चालत नाही," एवढेच त्या पहिला घास घेऊन म्हणाल्या आणि डबा आम्हांला परत दिला.

तिसरा केक अंड्याविना, लोण्याविना, दुधाविनाही. महामंदीच्या व महायुद्धाच्या टंचाईत अमेरिकेतील घरांत ही कृती रुळली, असे सांगतात. दीड कप मैदा, एक कप साखर, तीन मोठे चमचे कोको, एक लहान चमचा सोडा, अर्धा चमचा मीठ; त्यात मोठा चमचाभर व्हिनेगर, पाच-सहा चमचे तेल आणि कपभर पाणी. व्हिनेगर आणि सोडा भेटताच फसफस होते, म्हणून ढवळून लगेच भट्टीत. १८० अंशांवर अर्धा तास. ओव्हन नसेल त्या घरी कुकरची शिटी आणि रबरी रिंग काढून, तळाशी मीठ किंवा वाळू पसरून, मंद आचेवर हाच केक होतो. आमच्या मते चौघांत हा सर्वांत प्रामाणिक. "मीठ विसरू नका, फादर. सगळे विसरतात. मिठावाचून कोको मुका राहतो."

हा उपवासकाळात चालावा, असे आम्ही गमतीने म्हणालो आणि सतराव्या शतकातील कार्डिनल ब्रांकाच्चो यांची हकीकत सांगितली. चॉकलेट तेव्हा पेय होते. त्याने उपवास मोडतो की नाही, यावर धर्मपंडितांत मोठा वाद होता आणि पातळ पदार्थाने उपवास मोडत नाही, असा कौल या कार्डिनलांनी दिला होता. बाईंनी शांतपणे विचारले, "केक पातळ असतो का?" चर्चमधील इतिहासाचा आमचा तास तेथेच संपला.

चौथा केक मैद्याविना. चॉकलेट व लोणी गरम पाण्यावरील भांड्यात वितळवायचे. त्यात पाण्याचा एखादा थेंब पडला, तरी चॉकलेट गठ्ठा होऊन बसते. अंड्यांचा पिवळा बलक साखरेसह त्यात, आणि पांढरे फेसून हलक्या हाताने शेवटी. हेच मिश्रण न भाजता थंड केले की मूस. केक मात्र भट्टीत डोंगरासारखा चढतो आणि बाहेर येताच मधोमध खचतो. आम्ही घाबरलो. "खचू दे, त्याची रीतच ती," बाई म्हणाल्या. मारी बिस्किटांचा चुरा, कोको व लोणी यांची गुंडाळी त्यांनी जाता जाता दाखवली. तिला भट्टीच लागत नाही. व्हिएन्नातील प्रसिद्ध झाखर केकची गोष्ट आम्ही त्यांना सांगितली. १८३२ साली सोळा वर्षांच्या फ्रान्झ झाखरने तो केला म्हणतात आणि अस्सल कोणाचा, यावर एक हॉटेल व एक मिठाईघर विसाव्या शतकात कित्येक वर्षे न्यायालयात भांडले. त्यावर त्या पोटभर हसल्या. तेवढे एकदाच त्यांना हसताना पाहिले.

आम्ही व्यासपीठावरून चूक कबूल करणार होतो. त्यांनी हात जोडले. "माझं नाव घेऊ नका, फादर. लोक दयेनं केक घेतील. मला ते नको." मग आम्ही एवढेच केले की, पास्काच्या सणाचा धर्मग्रामाचा केक त्यांच्याकडून मागवला, रोख पैसे देऊन. काही घरे परत आली, काही आली नाहीत. त्यांच्या थोरल्या मुलाने त्याच वर्षी कॉलेज सोडले. कारण आम्ही विचारले नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही, हे अधिक खरे.

२०१९ मध्ये बाई गेल्या. गेल्या वर्षी तो मुलगा धर्मगुरुनिवासात आला. त्याच्या मुलीचा प्रथम ख्रिस्तप्रसाद होता. आईची कृती कोणाजवळच नाही, पण तुमच्याकडे एक वही आहे असे ऐकले, म्हणाला. आम्ही वही देतो म्हणालो. त्याने मान हलवली. "लिहिलेलं नको, फादर. करून द्याल का?"

आम्ही तिसरा केक केला. मुलीला अंडे चालत नाही, म्हणून तोच. सकाळच्या मिस्सानंतर, आचाऱ्याला स्वयंपाकघराबाहेर काढून. तो घेऊन त्यांच्या घरी गेलो. ओव्हन अजून त्याच ओट्यावर होता. त्याने तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चघळला आणि पाण्याचा पेला आमच्यापुढे सरकवत म्हणाला,

"छान झालाय, फादर. आईच्या केकात मीठ असायचं."