ज्याचा त्याचा एचकेसीयू

विंडोजच्या रजिस्ट्रीत दोन भाऊ कारभार पाहतात. थोरला एचकेएलएम. सगळ्या मशीनचा हिशेब त्याच्याकडे, आणि ॲडमिनशिवाय तो सहसा कुणाला हात लावू देत नाही. धाकटा एचकेसीयू, कागदोपत्री नाव एचकी करंट यूजर. तुमचा वॉलपेपर, माउसचा वेग, तारीख आधी की महिना आधी, मराठी कीबोर्ड आहे की नाही, या सगळ्या आवडीनिवडी हा सांभाळतो. थोरला कर्तबगार आहेच, पण माझा जीव धाकट्यावर.

त्याचा पत्ता सांगतो. सी ड्राइव्ह, यूजर्स, तुमच्या नावाचं फोल्डर, आणि त्यात एनटीयूजर डॉट डॅट नावाची फाइल. लपवलेल्या फाइली दाखवायला सांगितलं तरच ती नजरेला पडते. तुम्ही लॉगिन केलंत की स्वारी फाइलीतून उठून रजिस्ट्रीत दाखल, लॉगआउट केलंत की परत फाइलीत. त्याच मशीनवर शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी लॉगिन केलं तर त्यांचा एचकेसीयू येतो. फाइल वेगळी, आवडी वेगळ्या.

त्याचा सगळ्यात मोठा गुणच माणसांना छळतो. चालू यूजर कोण, हे तो हाक मारणाऱ्याकडे पाहून ठरवतो. रजिस्ट्रीत त्याची स्वतःची जागा नाही. खऱ्या नोंदी असतात एचकी यूजर्समध्ये, तुमच्या लांबलचक एसआयडीखाली, म्हणजे खात्याच्या ओळखक्रमांकाखाली, आणि एचकेसीयू हे नाव तुम्हाला तिकडे नेऊन पोचवतं. ज्या खात्यातून प्रोग्रॅम चालतो, त्या खात्याचा एचकेसीयू हजर होतो.

पुढचा प्रसंग आयटीत काम करणाऱ्या पुष्कळांनी पाहिलेला असतो. विंडोज आपणहून फाइलींची एक्स्टेन्शन्स लपवतं, त्यामुळे ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही घातकी फाइल साळसूदपणे ‘बिल डॉट पीडीएफ’ म्हणून समोर येते. म्हणून ठरतं, सगळ्यांकडे हाइडफाइलएक्स्ट या व्हॅल्यूतला 1 काढून 0 करायचा. दोन-तीन ओळींची स्क्रिप्ट रात्री सगळ्या मशीनवर जाते. अहवालात सगळीकडे यश. सकाळी पाहावं तर एकाही टेबलावर काही बदललेलं नाही. स्क्रिप्ट चालली होती सिस्टम खात्यातून, आणि एचकेसीयूने सिस्टमच्या आवडीनिवडींत इमानेइतबारे 0 लिहून ठेवला होता. साध्या यूजरच्या मशीनवर ॲडमिनचा पासवर्ड टाकून स्क्रिप्ट चालवली तरी हेच होतं, बदल ॲडमिनच्या खात्यात जातो. यात त्याची लबाडी नाही. ज्याने सांगितलं, त्याचंच काम त्याने केलं.

म्हणून त्याच्याशी बोलायचं ते मालकाच्या तोंडून. लॉगिन स्क्रिप्ट त्यासाठीच असते. माणूस आत आला की ती त्याच्याच हक्काने चालते. विंडोज 2000 बरोबर ग्रुप पॉलिसी आली आणि हे काम एका जागेवरून करणं सोपं झालं. एक मात्र ध्यानात ठेवा. विंडोज 8.1 पासून ग्रुप पॉलिसीतली लॉगिन स्क्रिप्ट, वेगळं काही सांगितलं नसेल तर, पाच मिनिटं थांबून निघते. लॉगिन झटपट व्हावं हा त्यामागचा हेतू. हे ठाऊक नसलेली माणसं दुसऱ्याच मिनिटाला स्क्रिप्टच्या नावाने बोटं मोडू लागतात.

आणि जो माणूस अजून आलेलाच नाही, त्याचं काय? त्याचीही सोय आहे. यूजर्समध्ये डिफॉल्ट नावाचं फोल्डर असतं. नव्या माणसाने पहिल्यांदा लॉगिन केलं की तिथल्या एनटीयूजर डॉट डॅटची प्रत त्याच्या नावे निघते. ‘रेग लोड’ने ती फाइल उघडायची, ‘रेग ॲड’ने लिहायचं, ‘रेग अनलोड’ने मिटायची. मिटताना त्याचा हट्टीपणा दिसतो. पॉवरशेलने आतली एखादी की धरून ठेवली असेल तर ‘ॲक्सेस इज डिनाइड’ म्हणून अडून बसतो. सगळ्यांनी हात काढून घेतल्याशिवाय हलत नाही. या डिफॉल्ट फोल्डरचा एक नामसाधर्म्यवालाही आहे. एचकी यूजर्सखाली ‘डॉट डिफॉल्ट’ असं नाव दिसतं, पण ते सिस्टम खात्याचं. तिथे लिहिलेलं नव्या यूजरच्या वाट्याला येत नाही.

एचकेसीयूची स्मरणशक्ती दांडगी. तुम्ही कोणता प्रोग्रॅम किती वेळा उघडलात, शेवटचा कधी, हे तो यूजरअसिस्ट नावाच्या कीमध्ये टिपून ठेवतो. ते कुणाला सहज वाचता येऊ नये म्हणून इंग्रजी अक्षरं तेरा-तेरा घरं पुढे सरकवून लिहितो. लहान मुलांच्या ‘च’च्या भाषेइतकंच हे गुपित. कॉम्प्युटरची तपासणी करणारे पोलिसांचे तज्ज्ञ पहिल्या काही जागांत ही की उघडतात.

मला त्याचं सगळ्यात अप्रूप वाटतं ते दोन छोट्या नोंदींसाठी. कीबोर्ड लेआउटखालच्या प्रीलोडमध्ये 00000409 म्हणजे अमेरिकन इंग्रजी, आणि 0000044ई म्हणजे मराठी. इंटरनॅशनलखालच्या एसग्रुपिंगमध्ये ‘3;0’ असेल तर आकडा 1,234,567 असा दिसतो, आणि ‘3;2;0’ असेल तर 12,34,567. दिवसभर मराठीत टिपणं लिहिणाऱ्या, लाख-कोटींत बेरजा मांडणाऱ्या माणसाचं अख्खं काम या दोन नोंदींवर चालतं. तरी मशीन बदललं की त्या बिचाऱ्याला इंग्रजी कीबोर्ड मिळतो आणि मराठीसाठी कुणाची तरी मनधरणी करावी लागते. हे टाळता येतं, आणि टाळलंच पाहिजे.

तुमच्या ऑफिसातली मशीन तुमच्या हाताखालून जात असतील तर ती वाटण्याआधी एवढं करा. कंट्रोल पॅनलमध्ये रीजन उघडा, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबवर ‘कॉपी सेटिंग्ज’ दाबा आणि ‘न्यू यूजर अकाउंट्स’ पुढे टिक करा. तुमच्या खात्यातला मराठी कीबोर्ड आणि लाख-कोटींचे आकडे त्या मशीनवर नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच लॉगिनला मिळतील.