निशिनोमियाला न थांबणारी गाडी

ओसाका, बुधवार

ती. आप्पांस,
शि. सा. न.

पोहोचल्याचं, खोलीचं, जेवणाखाण्याचं सगळं आईला फोनवर सांगून झालंय. तुम्हाला सरळ गाड्यांचंच लिहितो.

इथे हांक्यू नावाची खासगी रेल्वे आहे. ओसाका, कोबे आणि क्योतो या तीन शहरांच्या मधल्या उपनगरांचा मोठा भार तिच्यावर आहे. गाड्या सगळ्या एकाच रंगाच्या, कोकमाच्या आगळासारख्या गडद, आणि इतक्या चकचकीत की समोरच्या फलाटावरची माणसं त्यांत दिसतात. आत लाकडी धाटणीच्या भिंती, हिरव्या मऊ गाद्यांची आसनं. लोकलच्या डब्याचे असे लाड तुम्ही तरी कधी पाहिले नसतील.

उमेदा म्हणजे तिचं व्हीटी. नऊ रूळ, दहा फलाट. दिवसा दर दहा मिनिटांनी कोबेची, ताकाराझुकाची आणि क्योतोची अशा तीन गाड्या एकाच वेळी सुटतात आणि योदो नदी ओलांडून जूसो स्टेशनपर्यंत शेजारी-शेजारी धावतात. नदीच्या बांधावर उभं राहिलं की तिन्ही एका फोटोत मिळतात. आज दुपारी तेच करत बसलो होतो. पण तुमच्यासाठी खरी बातमी वेगळी आहे: इथे गार्ड अजून आहे! दरवाजे तोच लावतो, आणि गाडी हलली की खिडकीतून डोकं बाहेर काढून फलाट सरेपर्यंत नजर ठेवतो. थेट तुमची आठवण आली.

हे तीन गाड्यांचं दृश्य सुंदर आहे, पण दहा मिनिटं थांबलं की पुन्हा मिळतं. मी आलोय ते ज्या गाड्या क्वचित दिसतात त्यांच्यासाठी. निघताना तुम्ही म्हणालात, बुलेट ट्रेन सोडून लोकलच्या मागे कशाला लागतोस? बुलेट ट्रेनचे फोटो कॅलेंडरवर मिळतात, आप्पा. मला हवी असलेली गाडी सकाळच्या कामाच्या वेळी, तीही एकाच दिशेने धावते, आणि शनिवार-रविवारी नसतेच.

ही रेल्वे उभी करणारा कोबायाशी इचिझो भलताच डोकेबाज. १९१० मध्ये लाईन सुरू झाली तेव्हा दोन्ही बाजूंना बरीचशी शेतंच होती. प्रवासी नाहीत ना, मग आणू, म्हणून पठ्ठ्याने रुळांलगत प्लॉट पाडून घरं बांधली आणि हप्त्यांवर विकली. टोकाच्या ताकाराझुका गावी लोकांनी सुट्टीला यावं म्हणून फक्त मुलींची नाटकमंडळी काढली. १९१४ मध्ये तिचा पहिला प्रयोग झाला, आणि आजही तिथली तिकिटं मिळता मिळत नाहीत. दुसऱ्या टोकाला, उमेदा स्टेशनातच, १९२९ मध्ये मोठं डिपार्टमेंट स्टोअर उघडलं. म्हणजे सकाळी शहराकडे कामाला आणि सुट्टीला उलटीकडे नाटकाला. डबा रिकामा पळवायचाच नाही!

तुमचा,
धाकटा

निशिनोमिया, शुक्रवार

ती. आप्पांस,
शि. सा. न.

कागद-पेन्सिल घेऊन बसा, नकाशा काढावा लागेल. एक आडवी रेघ मारा, ती कोबे लाईन. डावीकडे कोबे, उजवीकडे ओसाका. आता वरून खाली एक रेघ तिला छेदून न्या, ती इमाझू लाईन. वर ताकाराझुका, खाली इमाझू, सगळी मिळून जेमतेम ९.३ किलोमीटर. दोन्ही रेघा छेदतात तिथे निशिनोमिया-कितागुची.

१९८४ पर्यंत इथे खरोखरच रुळांवरून रूळ जात होते. नागपूरच्या डायमंड क्रॉसिंगबद्दल तुम्ही तासभर बोलू शकता, म्हणून मुद्दाम सांगतो: हेही तसंच, फक्त लोकल गाड्यांचं. पुढे कोबे लाईनच्या फलाटांची लांबी दहा डब्यांपर्यंत वाढवायची ठरली आणि डायमंड आड आला. तो उखडला आणि इमाझू लाईनचे दोन तुकडे केले. आता वरची गाडी स्टेशनात येऊन थांबते आणि परत फिरते. खालच्या भागात तीन डब्यांची वेगळी गाडी चालते. ज्याला सरळ पुढे जायचंय त्याने जिना चढून-उतरून गाडी बदलायची. त्या क्रॉसिंगचा एक तुकडा स्टेशनच्या दक्षिणेला एका छोट्या बागेत जपून ठेवलाय. रेल्वेचं भंगार बागेत मांडून त्याला पाटी लावणारे लोक मला आपले वाटतात.

आता तुमच्या नकाशावर, दोन रेघा भेटण्याच्या जरा अलीकडे, वरून येऊन उजवीकडे वळणारी एक छोटी कमान काढा. हाच तो जोडरूळ. त्याला फलाट नाही. सोमवार ते शुक्रवार सकाळी ताकाराझुकाहून थेट उमेदाला जाणाऱ्या मोजक्या सेमी-एक्स्प्रेस याच रुळावरून कोबे लाईनला मिळतात. गंमत बघा. निशिनोमिया-कितागुची हे इथलं मोठं जंक्शन, कोबे लाईनची सगळ्यात जलद गाडीसुद्धा इथे थांबते. ही साधी सेमी-एक्स्प्रेस मात्र मोन्दो-याकुजिनपर्यंत गल्लीबोळातलं प्रत्येक स्टेशन घेते आणि जंक्शन सोडून देते! तोरा म्हणून नव्हे, उतरायला फलाटच नाही म्हणून. संध्याकाळी परत आणणारी अशी गाडी नाही. येताना सगळ्यांनी मुकाट्याने बदलून यायचं.

सकाळी स्टेशनच्या उत्तरेला कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो. आधीच दोघे हजर. एक गणवेशातला शाळकरी मुलगा, शाळेआधी तासभर काढून आलेला, आणि एक माझ्याहून वयाने मोठे गृहस्थ. गाड्यांचे फोटो काढणाऱ्यांना इथे तोरी-तेत्सु म्हणतात आणि त्यांच्यातल्या हुल्लडबाजांमुळे सगळ्यांचंच नाव खराब झालंय. हे दोघे मात्र इतके शिस्तीचे की कुंपणाला हातसुद्धा लावत नव्हते. गृहस्थांनी माझ्या कॅमेऱ्याकडे पाहून नुसतं बोटाने आकाशातल्या ढगाकडे आणि मग मनगटावरच्या घड्याळाकडे दाखवलं. अर्थ कळला: गाडी येईल तेव्हा ऊन नसेल, तयारीत राहा.

अडचण उन्हापेक्षा पाटीची असते. नव्या गाड्यांच्या कपाळावरची पाटी एलईडीची. आपल्या डोळ्यांना ती सलग दिसते, पण ते दिवे सतत लुकलुकत असतात. झटकन फोटो घेतला तर अर्धी अक्षरं गायब. म्हणून शटर सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाच्या आसपास ठेवायचं, मग अक्षरं येतात पण धावती गाडी हलते. दोन्ही साधणं म्हणजे नुसती कसरत. आजची गाडी जुन्यांपैकी निघाली, कापडी पाटीची. हिरव्या पट्टीत पांढऱ्या अक्षरांत सेमी-एक्स्प्रेस, शेजारी ओसाका-उमेदा. कापड थोडं तिरकं बसलं होतं, वरच्या कडेला आधीच्या पाटीची काळी किनार डोकावत होती. वळण अवघड असल्याने गाडी अगदी सावकाश आली, चाकं रुळाला घासत, किंचाळत. मला हवा तेवढा वेळ मिळाला.

शाळकरी मुलाने फोटो काढला तो पुस्तकात शोभेल असा: खांब नाही, तार नाही, पहिल्या डब्यापासून शेवटच्यापर्यंत सगळी गाडी नीट. इथे अशाच फोटोला मान आहे. मला तो जरा निर्जीव वाटतो. मी थोडा बाजूला सरकलो आणि मागे स्टेशनची बाजू येऊ दिली. तुमच्यासारख्याने बघितलं तर लगेच कळावं की गाडी जंक्शनला वळसा घालून चाललीय. खिडकीला डोकं टेकून झोपलेली माणसं आहेत, एक बाई उभ्याउभ्या पुस्तक वाचतेय. कुणी बाहेर बघत नाही. आम्ही तिघे जिच्यासाठी पहाटे उठलो ती त्यांची रोजची आठची गाडी.

याच लाईनवर, मोन्दो-याकुजिनच्या बाजूला, वरून शिनकानसेनचा पूल जातो. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात तो इथल्या रुळांवर कोसळला होता. वेळ पहाटे पावणेसहाची. बुलेट ट्रेन सहानंतर सुरू होतात, म्हणून वर गाडी नव्हती. पुलाखालून जाताना तुम्ही जशी नजर टाकाल तशीच मीही टाकली.

लोकलना १९६८ साली आलेल्या ५००० मालिकेच्या गाड्या इथे अजून दिसतात, आतून-बाहेरून नव्या केलेल्या. त्यांचे फोटो वेगळे पाठवतो.

तुमचा,
धाकटा

(आईसाठी, त्याच पाकिटात)

आई, जूसोला फलाटावर उभ्याने खायचं नूडल्सचं दुकान आहे. तिथे गरम रश्श्यातल्या सोबावर बटाट्याच्या तळलेल्या काड्या घालून देतात. वरच्या कुरकुरीत आणि खालच्या भिजून मऊ. तू नाक मुरडशील, पण मिसळीवरचं फरसाण खाणाऱ्या माणसाने यांना नावं ठेवू नयेत. रश्शात मासा असतो, हे आजीला सांगू नकोस.

निगावा, रविवारी रात्री

ती. आप्पांस,
शि. सा. न.

हिरव्या पाटीच्या गाडीला एक बहीण आहे, आज तिला गाठलं.

निगावा हे याच लाईनवरचं छोटं स्टेशन. जवळच हानशिन रेसकोर्स आहे, स्टेशनापासून तिथे जायला भुयारी वाट आहे. आज ओका-शो होती, तीन वर्षांच्या घोड्यांची, त्यातही फक्त माद्यांची, १६०० मीटरची शर्यत. चेरी फुललेली असताना होते म्हणून तिचं कौतुक जास्त. गर्दी मोठी असेल अशा दिवशी शर्यती संपल्यावर निगावाहून थेट उमेदाला जादा एक्स्प्रेस सोडतात. तीही त्याच बिनफलाटाच्या जोडरुळावरून जाते. निगावाला त्यासाठी एक जादा रूळ आहे. बाकीच्या दिवशी तिथे शुकशुकाट.

दुपारी शुकुगावाला गेलो होतो. नदीकाठच्या चेरीच्या ओळी, वरून आगळाच्या रंगाची गाडी. तिथे फोटो काढणाऱ्यांची जत्रा भरली होती, म्हणून दोन काढले आणि निघालो. तो फोटो आईला फ्रेम करायला ठीक आहे.

निगावाला चारच्या पुढे भुयारातून माणसं लोटायला लागली. बहुतेकांच्या काखेत घड्या पडलेला रेसचा पेपर, कानावर नाहीतर टोपीत पेन्सिल. जिंकलेले आणि हरलेले ओळखू येतील असं वाटलं होतं, पण सगळे सारखेच थकलेले. महालक्ष्मीला डर्बीच्या दिवशी तुम्ही मला नेलं होतंत तेव्हा परतताना केवढी बडबड होती! इथे रांगा लावून, दरवाजे कुठे येणार त्या खुणांवर माणसं उभी. स्टेशनचा एक कर्मचारी हातात फलक घेऊन ओरडत होता की ही गाडी निशिनोमिया-कितागुचीला थांबणार नाही, तिकडे उतरायचं असेल त्यांनी पलीकडची लोकल पकडा. तरी एक आजोबा चढलेच. दरवाजे लागायच्या आत गार्डने त्यांना पाहिलं, खाली उतरवलं, वाकून क्षमा मागितली आणि मग शिट्टी दिली. गाडी यामुळे काही सेकंद उशिरा सुटली असेल. मी तो उतरवण्याचा फोटो काढला नाही, गार्डचा काढला. मान बाहेर, एक हात दाराच्या कळीवर, नजर मागच्या फलाटावर. मोठा करून तुम्हाला देतो.

रेसच्या माणसांनी आपली गर्दी एकदम आणली म्हणून ही गाडी निघाली, आणि सकाळची निघते ती नऊच्या आत ऑफिसात पोचायचंय म्हणून. शौकिनांसाठी यातली एकही धावत नाही. म्हणूनच मला त्यांचे फोटो काढावेसे वाटतात. नुसत्या शौकिनांकरता सजवून सोडलेल्या गाड्या इथेही भरपूर आहेत, त्यांना मी कॅमेरा दाखवला नाही.

उद्या सोमवार. सकाळी परत कुंपणाशी, ऊन पडलं तर त्याच वळणावर, नाहीतर मोन्दो-याकुजिनच्या फाटकावर.

तुमच्यासाठी एक काम. दिवा-वसईच्या गाड्यांचं सध्याचं टाईमटेबल काढून ठेवा. दिवसात मोजक्याच असतात, आणि आपल्या घरापासून इतक्या जवळ असून मी त्यांचा एकही धड फोटो काढलेला नाही. सकाळी प्रकाश कुठल्या बाजूने पडतो आणि कोपरच्या वरच्या फलाटावरून वळण दिसतं का, तेवढं तुमच्या मित्रांना विचारून ठेवा.

आईला नमस्कार.

तुमचा,
धाकटा