दुभाष्याला 'उद्या' नसतो

आमच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकली. वाक्य लिहायचे, खोडायचे, शब्दकोश उघडायचा, उद्या पुन्हा बघायचे. भाषांतरकाराला हा 'उद्या' मिळतो. दुभाष्याला नाही. त्यातून मराठीचा नकार बसतो शेवटी! समोरचा 'केले' म्हणतोय की 'केले नाही', हे शेवटच्या शब्दाशिवाय कळत नाही.

बोलणारा थांबला की मग बोलायचे, हा जुना प्रकार. बोलणे चालू असतानाच मागोमाग दुसऱ्या भाषेत बोलत जायचे, हा नवा. तो १९४५-४६ च्या न्यूरेंबर्ग खटल्यात मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. इंग्रजी, फ्रेंच, रशियन, जर्मन अशा चार भाषा, सगळ्यांच्या कानाला हेडफोन. वक्ता सुसाट सुटला की पिवळा दिवा लागे, म्हणजे सावकाश. लाल लागला की थांबायचे. आपल्या सभांतही असे दिवे हवेत, असे मला अनेकदा वाटले आहे. असो.

परवा चाकणहून भाच्याचा फोन. कारखान्यात जर्मन पाहुणे येणार, "मावशी, ओळखीत कोणी भाषांतरकार आहे का?" म्हटले, बाबा, तुला दुभाष्या हवा. पुण्यात जर्मन शिकवणाऱ्या संस्थांत चौकशी कर, पण आधी विचार की प्रत्यक्ष बैठकीत काम केले आहे का. दिवसभराचे काम असेल तर दोघे बोलाव, आळीपाळीने बोलतील. यंत्रांची नावे, कागदपत्रे आधी दे. आणि बोलताना पाहुण्याकडे बघ, दुभाष्याकडे नको.

कारखान्यात चुकले तर यंत्र अडेल. मी सातपुड्यात शिकवत होते तेव्हा आमच्या आठवीतली एक मुलगी आईला घेऊन सरकारी दवाखान्यात निघाली, मीही सोबत गेले. आईला फक्त पावरी येई, डॉक्टरांना मराठी. डॉक्टरांनी पाळीबद्दल विचारले, अंगावरून जास्त जाते का म्हणून. पोरगी लाजली आणि आईकडे न बघताच म्हणाली, "नाही." तिचे मराठी उत्तम होते. पण चौदा वर्षांच्या पोरीने आईला हे विचारायचे तरी कसे?

न्यायालयात दुभाष्यालाही शपथ घ्यावी लागते. १९६९ च्या शपथ कायद्यात तशी तरतूद आहे. दवाखान्यात मिळेल तो नातेवाईक दुभाष्या.

मी डॉक्टरांच्या कानावर घातले. त्यांनी पावरी बोलणाऱ्या आयाबाईंना बोलावले. बाईंनी आधी मुलीला माझ्यासोबत बाहेर पाठवले. पडद्याआडून त्यांचे मराठी मला ऐकू येत होते. "मला तीन महिने रक्त जातंय, डॉक्टर. चक्कर येते." डॉक्टर क्षणभर गोंधळले असावेत. "तुम्हाला?" "मला नाही हो. ती बोलतेय."